हात घडविणारा शल्यविशारद

एकोणिसाव्या शतकात स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या स्त्रीला फारशी आशा नसे. गाठ काढली जाई, जखम भरून येई आणि थोड्याच काळात त्याच जागी रोग पुन्हा डोके वर काढी. हे चित्र पालटण्याचा ध्यास घेणारे अमेरिकन शल्यविशारद म्हणजे डॉ. विल्यम स्टुअर्ट हॉलस्टेड.

२३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्कमधील एका सधन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. येल महाविद्यालयात असताना त्यांचे लक्ष अभ्यासापेक्षा खेळाकडे अधिक होते. पुढे मात्र वैद्यकाने त्यांना झपाटले. १८७७ मध्ये वैद्यकीय पदवी घेतल्यावर दोन वर्षे त्यांनी युरोपातील नामवंत शल्यविशारदांचे काम जवळून पाहिले. १८८० मध्ये मायदेशी परतल्यावर न्यूयॉर्कमधील एक धडाडीचे शल्यचिकित्सक असा त्यांचा लौकिक झाला.

या उत्कर्षाला लवकरच दृष्ट लागली. १८८४ मध्ये कोकेनच्या बधिरीकरणाच्या गुणाचा शोध लागला. हॉलस्टेड व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्या शरीरावर त्याचे प्रयोग केले आणि त्यातून स्थानिक भूल देण्याचे नवे तंत्र विकसित झाले. पण हॉलस्टेड व्यसनात अडकले. उपचारांच्या काळात कोकेनच्या जोडीला मॉर्फिन आले आणि ते पुढे सुटले नाही. त्यांचे मित्र डॉ. विल्यम वेल्च यांनी त्यांना बाल्टिमोरला आणून प्रयोगशाळेत काम दिले. १८८९ मध्ये तेथे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडले आणि हॉलस्टेड यांच्या आयुष्याचे दुसरे पर्व सुरू झाले.

आता त्यांची शस्त्रक्रियेची रीतच बदलली होती. भूल येण्यापूर्वीच्या काळापासून झटपट हात चालविणे हे शल्यविशारदाचे भूषण मानले जाई. हॉलस्टेड मात्र संथपणे, प्रत्येक रक्तवाहिनी बांधत, ऊतींना हळुवार हाताळत काम करीत. एकेका शस्त्रक्रियेला काही तास लागत. स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथी एकत्रितपणे काढण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. १८९४ मध्ये त्यांनी पन्नास रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत शस्त्रक्रियेच्या जागी रोग उलटल्याचे प्रमाण अवघे सहा टक्के होते. युरोपातील मातब्बर शल्यविशारदांच्या आकडेवारीत ते निम्म्याहून अधिक होते.

असे हात तयार करण्यासाठी हॉलस्टेड यांनी निवासी प्रशिक्षणाची पद्धत घालून दिली. तरुण डॉक्टराने रुग्णालयातच राहायचे, वरिष्ठांच्या नजरेखाली वर्षानुवर्षे काम करायचे आणि जबाबदारी पायरीपायरीने स्वीकारायची, असा तिचा दंडक होता. सर्वोच्च निवासी पदापर्यंतचा प्रवास सुमारे आठ वर्षे चाले. मेंदूच्या शस्त्रक्रियेत युग निर्माण करणारे हार्वी कुशिंग याच तालमीत घडले.

१९२२ मध्ये पित्तमार्गाच्या विकारासाठी हॉलस्टेड यांच्यावर त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या शल्यविशारदांनी शस्त्रक्रिया केली. त्यानंतरच्या गुंतागुंतीमुळे ७ सप्टेंबर रोजी त्यांचे निधन झाले.

जितके अधिक कापावे तितका रोग अधिक बरा होतो, हा त्यांच्या शस्त्रक्रियेमागील सिद्धान्त मात्र काळाच्या कसोटीवर टिकला नाही. शस्त्रक्रियेची जागा स्वच्छ राहूनही अनेक स्त्रिया शरीरात इतरत्र पसरलेल्या रोगाने दगावत होत्या. तरीही छातीला कायमची विरूप करणारी, हात सुजविणारी ही शस्त्रक्रिया सत्तरएक वर्षे सर्रास होत राहिली. अखेर १९७१ पासून डॉ. बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या तौलनिक चाचण्यांनी, कमी कापाकापीनेही तितकेच आयुष्य लाभते हे दाखवून दिले. निष्णात हातांचा अनुभवही चुकीच्या सिद्धान्ताला खरे ठरवू शकत नाही, हा धडा वैद्यकविश्वाला फार उशिरा मिळाला.

त्यांची शिक्षणपद्धती मात्र जगभर पसरली. पश्चिम स्कॉटलंडमधील ३७८६ रुग्ण स्त्रियांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्तनविकारांत विशेष रस घेणाऱ्या शल्यविशारदांच्या रुग्णांचे पाच वर्षे जगण्याचे प्रमाण इतरांच्या रुग्णांपेक्षा नऊ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात आढळले. यात एकूण उपचारयोजनेचाही वाटा असू शकतो. तथापि, शस्त्रक्रिया कोणती याबरोबरच ती कोणाच्या हातून होते, हेही रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. हॉलस्टेड यांनी शस्त्रक्रियेच्या शिक्षणाची उभारणी याच जाणिवेवर केली होती.