समुद्राचा शास्त्रज्ञ, क्षारपड शेताचा इलाज

रॉजर रेव्हेल यांचा जन्म १९०९ चा, अमेरिकेतल्या सिएटल शहरातला. शिक्षण भूशास्त्राचं, पण आयुष्य गेलं समुद्राच्या अभ्यासात. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत ते विद्यार्थी म्हणून आले आणि पुढं तिथलेच संचालक झाले.

कोळसा आणि तेल जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड समुद्र पिऊन टाकतो, अशी तेव्हा बहुतेक शास्त्रज्ञांची समजूत होती. रेव्हेल आणि हान्स स्यूस यांनी १९५७ साली त्याला धक्का दिला. हवेत हा वायू दहा टक्के वाढला, तर समुद्राच्या वरच्या पाण्यात जेमतेम एक टक्का वाढतो. बाकीचा जाणार कुठं? मग मोजायचं ठरलं. त्यासाठी चार्ल्स कीलिंग या तरुणाला स्क्रिप्समध्ये आणलं. हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ ला मोजणी सुरू झाली. तेव्हा आकडा दहा लाखांत ३१५ च्या आसपास होता, आता ४२० च्या वर गेलाय.

सॅन दिएगोचं विद्यापीठ उभं राहिलं ते मुख्यतः त्यांच्या खटपटीनं. ला होया भागात ज्यू लोकांना घरं विकत नसत. प्राध्यापक यायचे तर हे चालणार नाही, म्हणून ते भांडले. कुलगुरूपद मात्र दुसऱ्यालाच मिळालं. ज्यानं पेरलं त्यालाच डावललं, दुसरं काय!

त्याच सुमारास पाकिस्तानातली सिंधू खोऱ्यातली जमीन मिठानं मरत होती. कालव्याचं पाणी झिरपून भूजल वर आलं, निचरा नाही, पाणी उडून जाई आणि मीठ वर राही. आपल्याकडं उसाच्या पट्ट्यात हे वेगळं सांगायला नको. अमेरिकी सरकारनं पाठवलेल्या तज्ज्ञांच्या गटाचे प्रमुख होते रेव्हेल. त्यांनी सांगितलं, तुकड्या-तुकड्यानं काम करू नका, बाजूचं पाणी परत आत शिरतं. मोठा सलग पट्टा घ्या, ट्यूबवेलनं भूजल उपसा, तेच पाणी देऊन मीठ खाली धुवा, आणि जोडीला खत-बियाणंही द्या.

भारताच्या कोठारी शिक्षण आयोगावरही (१९६४-६६) ते सदस्य होते. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. पुढं हार्वर्डला लोकसंख्येचा अभ्यास शिकवला. तिथं वर्गात अल गोर नावाचा एक विद्यार्थी होता, तो नंतर अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला.

कुलगुरूपद नाकारलेल्या सॅन दिएगोतच ते पुन्हा शिकवायला गेले. जुलै १९९१ मध्ये तिथंच त्यांचं निधन झालं.