आंजेलो मोस्सो : भयाचें मापन करणारा शास्त्रज्ञ

परीक्षेच्या दालनांत पाऊल ठेवतांना ज्या विद्यार्थ्याचे हात गार पडतात व छाती धडधडूं लागते, त्याला भित्रा म्हणून आपण मोकळे होतों. इटालींतील आंजेलो मोस्सो यांनीं मात्र ह्याच गार हातांचें मापन करण्यांत आयुष्याचीं कित्येक वर्षें वेंचिलीं.

मोस्सो यांचा जन्म ३० मे १८४६ रोजीं तुरीन शहरीं एका सुताराच्या घरीं झाला. घरची स्थिति बेताचीच. तरी १८७० सालीं त्यांनीं वैद्यकाची पदवी संपादिली. पुढें लाइप्सिग येथें कार्ल लुडविग यांच्यापाशीं राहून प्रयोगविद्या हस्तगत केली, व १८७९ मध्यें ते तुरीन विद्यापीठांत इंद्रियविज्ञानाचे, म्हणजे शरीराच्या व्यापारांच्या शास्त्राचे, अध्यापक झाले.

त्यांचीं साधनें पाहिलीं म्हणजे सुताराचा मुलगा कोठें लपत नाहीं. मनुष्याचा हात पाण्यानें भरलेल्या कांचेच्या नळींत ठेवावयाचा. तो दचकला अथवा मनांतल्या मनांत गुणाकार करूं लागला, कीं हातांतील रक्त ओसरून पाण्याची पातळी उतरे. १८७७ सालीं कवटीस भोंक पडलेला एक शेतकरी त्यांच्याकडे होता. एके दिवशीं दुपारच्या प्रार्थनेची घंटा झाली आणि त्याच्या मेंदूचें स्पंदन एकाएकीं वाढलें. प्रार्थना करावयास हवी होती असें मनांत आलें काय, असें विचारतां त्यानें होय म्हटलें. मनांतील विचार शरीरावर असा उमटलेला पूर्वीं कोणीं क्वचितच पाहिला असेल! १८८४ सालीं मोस्सो यांचा भयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

नंतर त्यांनीं श्रमाकडे लक्ष वळविलें. एका बोटानें वजन वारंवार उचलावयाचें व प्रत्येक उचल कागदावर रेखाटून घ्यावयाची, असें यंत्र त्यांनीं केलें. त्यांचे सहकारी माज्जोरा यांनीं तोंडी परीक्षा घेतल्यावर बोट यंत्रांत घातलें, तों त्याची शक्ति पुष्कळच घटलेली आढळली. शिणलें होतें तें डोकें. शक्ति गेली ती बोटाची. (परीक्षकही थकतात, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानीं ठेवावें.) १८९२ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें त्यांनीं मेंदूच्या उष्णतेवर व्याख्यान दिलें. ही उष्णता केवळ रक्तानें आणिलेली नसून मेंदूंतील रासायनिक व्यापारांतूनही उपजते, असें त्यांचें मत होतें.

ह्या व्यापारांतील द्रव्यें मोस्सो यांना ठाऊक नव्हतीं. आज त्यांपैकीं कांहीं ठाऊक आहेत. जोराच्या व्यायामानें शरीराचें उष्णमान एक-दोन अंश चढतें. उंदरांच्या जातीच्या प्राण्यांची त्वचा ऊन केली असतां मेंदूच्या देठांतील सेरोटोनिन निर्माण करणाऱ्या कांहीं पेशी जागृत होतात, असें दिसून आलें आहे. व्यायामानंतर माणसाच्या मेंदूंत गाबा नांवाचें शामक द्रव्यही वाढलेलें आढळलें आहे. चिंता निवते ती ह्या उष्णतेमुळेंच काय, हें पाहण्यासाठीं शरीर गार ठेवून व्यायाम करविण्यांत आला. परंतु निष्कर्ष एकमुखी आले नाहींत. व्यायामानें चिंता हलकी होते, हें मात्र पुष्कळ प्रयोगांतून दिसलें आहे.

मोस्सो प्रयोगशाळेंत बसून राहणारे नव्हते. १८९४ सालीं सैनिकांसह ते मोंते रोझा पर्वतावरील, साडेचार हजार मीटरांहून उंच असलेल्या झोंपडींत राहिले व तेथील विरळ हवेचा श्वासावर होणारा परिणाम त्यांनीं तपासला. शाळांतील ठोकळेबाज, लष्करी थाटाची कवाईत त्यांना मान्य नव्हती. मुलांनीं मोकळ्या हवेंत धांवावें, खेळावें, ह्यासाठीं त्यांनीं ग्रंथ लिहिले, वादही घातले. १९०४ मध्यें ते इटालीच्या वरिष्ठ सभेचे सभासद झाले.

परंतु मज्जारज्जूच्या रोगानें त्यांचे पाय निकामी होत चालले. डोंगर चढणें सुटलें, प्रयोगशाळाही सुटत गेली. तेव्हां ते क्रीट बेटावरील उत्खननांकडे वळले व तेथील प्राचीन संस्कृतीवर त्यांनीं ग्रंथ लिहिला. १९०७ सालीं मोंते रोझाच्या उतारावर कोल दोलेन येथें त्यांच्या प्रयत्नानें उभारलेली संशोधनशाळा उघडली. २४ नोव्हेंबर १९१० रोजीं तुरीन येथें त्यांचें निधन झालें. त्या शाळेला आजही त्यांचेंच नांव आहे.