डॉ. पेनफील्ड आणि अपस्माराचा हिशेब

डॉ. वाइल्डर पेनफील्ड यांचे ५ एप्रिल १९७६ रोजी कॅनडातील माँट्रियल शहरी निधन झाले. अपस्मार हा मेंदूतील विकार आहे, तो मेंदूच्या कोणत्या भागातून उठतो हे कित्येक रुग्णांत शोधून काढता येते आणि निवडक रुग्णांत तो शल्यक्रियेने थांबविताही येतो, हे सिद्ध करण्यात या गृहस्थाचे आयुष्य गेले होते. त्यांच्या निधनाला दोन महिनेही उलटले नव्हते, तोच २७ मे १९७६ रोजी आपल्याकडे विवाहविषयक कायद्यांतील दुरुस्ती अमलात आली आणि वेडाच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांच्या पंक्तीला अपस्मार नेऊन बसविण्यात आला. फेफरे येणारी व्यक्ती विवाहास अपात्र ठरली. झालेला विवाहही त्या कारणाने रद्द करून मागता येऊ लागला. कायद्यातून ते शब्द वगळले जाण्यास १९९९ साल उजाडावे लागले.

कायदा सुधारला, तरी समाजाची समजूत मात्र त्याच वेगाने सुधारली असे म्हणवत नाही. अंबडसारख्या कारखानदारीच्या गावी हे विशेष जाणवते. यंत्रापाशी उभा राहणारा कंत्राटी कामगार आपल्याला आकडी येते हे मुकादमाला सांगत नाही, कारण सांगितले तर काम जाईल. न सांगता यंत्रावर उभे राहिल्यास हात जाईल, हेही त्याला ठाऊक असते. रस्त्यात कोणाला फेफरे आले की भोवतालची माणसे आजही कांदा नाहीतर चप्पल नाकाशी धरण्यास धावतात. वास्तविक आपल्या पूर्वजांना हा रोग अपरिचित नव्हता. चरकसंहितेत निदानस्थान व चिकित्सास्थान या दोन्ही ठिकाणी अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहेत आणि स्मृतीचा लोप हा अर्थ त्या नावातच आहे. रोगाला रोग म्हणून ओळखणारी ही परंपरा मागे पडली आणि बाहेरची बाधा तेवढी शिल्लक राहिली.

पेनफील्ड यांचा जन्म २६ जानेवारी १८९१ रोजी अमेरिकेतील स्पोकेन या गावी झाला. वडील डॉक्टर होते, परंतु त्यांचा व्यवसाय बुडाला आणि वाइल्डर आठ वर्षांचा असताना आई मुलांना घेऊन विस्कॉन्सिन राज्यातील हडसन येथे माहेरी आली. ऱ्होड्स शिष्यवृत्तीची माहिती प्रथम आईच्याच कानी आली व मुलाने ती मिळवावी हे तिने मनाशी घेतले. प्रिन्स्टनहून पदवी घेतल्यानंतर पेनफील्ड त्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. तेथे मज्जासंस्थेच्या शरीरक्रियाशास्त्राचे आचार्य सर चार्ल्स शेरिंग्टन हे गुरू म्हणून लाभले. मार्च १९१६ मध्ये ते ज्या ससेक्स नावाच्या बोटीतून इंग्लिश खाडी ओलांडत होते, तिच्यावर जर्मन पाणबुडीने पाणतीर सोडला. पेनफील्ड यांच्या पायाला जबर दुखापत झाली. सर विल्यम ऑस्लर यांच्या घरी राहून ते बरे झाले.

पुढील शिक्षणाचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. दोन प्रवास मात्र सांगितलेच पाहिजेत. १९२४ साली ते माद्रिदला पीओ देल रीओ-ओर्तेगा यांच्या प्रयोगशाळेत गेले. मेंदूत मज्जापेशींना आधार देणाऱ्या ज्या इतर पेशी असतात, त्या रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दाखविण्याची कला तेथे विकसित झाली होती. मेंदूला जखम झाली की ती भरून येताना व्रण कसा तयार होतो, हे पाहण्यास तीच कला हवी होती. दुसरा प्रवास १९२८ सालचा, ब्रेस्लाऊ येथील ओटफ्रिड फर्स्टर यांच्याकडे. पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळी लागून वाचलेल्या अनेक सैनिकांना पुढे झटके येऊ लागले होते. फर्स्टर त्यांच्या मेंदूतील व्रण काढून टाकीत, आणि तेही रुग्ण जागा असताना. मेंदूला स्वतःला वेदना नसते, त्यामुळे कवटीवरील त्वचा बधिर केली की पुरते. माद्रिदला सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला व्रण आणि ब्रेस्लाऊला सैनिकाच्या डोक्यात पाहिलेला व्रण यांची सांगड पेनफील्ड यांच्या मनात बसली. मेंदूची इजा आणि अपस्मार हे दोन विषय त्यांच्यापुरते तेथेच एक झाले.

त्याच वर्षी एडवर्ड आर्चिबाल्ड यांच्या निमंत्रणावरून ते माँट्रियलला आले आणि डिसेंबरात त्यांच्यावर मोठा प्रसंग ओढवला. त्यांची थोरली बहीण रूथ हिला तरुणपणापासून झटके येत. आता तिच्या मेंदूत अर्बुद असल्याचे दिसून आले. भावाने स्वतः शस्त्र हाती घेतले. उजव्या बाजूचा पुढचा बराचसा भाग कापून काढावा लागला, तरी अर्बुद समूळ निघाले नाही. रूथ घरी परतली, मुलांत वावरू लागली. बोलण्याचालण्यात कोणाला उणे दिसत नसे. सुमारे सव्वा वर्षानंतर तिने एका पाहुण्यासाठी व घरच्या चौघांसाठी साधे रात्रीचे जेवण करण्याचे ठरविले. वेळ झाली तेव्हा जिन्नस सगळे घरात होते, एकदोन पदार्थ चुलीवर होते, पण बाकीचे सुरूच झाले नव्हते आणि ती गोंधळून, थकून उभी होती. प्रत्येक पदार्थ तिला येत होता; कोणता आधी आणि कोणता नंतर, हा मेळ तिला घालता येईना. १९३१ साली ती वारली. १९३५ साली पेनफील्ड यांनी एका सहकाऱ्यासह मेंदूच्या पुढील भागाच्या कार्यावर निबंध प्रसिद्ध केला, त्यात या स्वयंपाकाची हकीकत आहे. सख्ख्या बहिणीच्या बाबतीत आपले शस्त्र काय घेऊन गेले, हे या माणसाने शास्त्राच्या खतावणीत नोंदवून ठेवले. अर्थशास्त्राच्या शिक्षकाला जमेपेक्षा खर्चाची बाजू प्रामाणिकपणे लिहिणारा हिशेबनीस विरळा वाटतो, म्हणून हा प्रसंग मला त्यांच्या सर्व मानसन्मानांहून मोठा वाटतो.

शल्यविशारद, मज्जाविकारतज्ज्ञ, विकृतिशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ एकाच छपराखाली एकाच रुग्णाचा विचार करतील अशी संस्था त्यांना हवी होती. रॉकफेलर प्रतिष्ठानने त्यासाठी बारा लक्ष डॉलरांहून अधिक देणगी दिली. माँट्रियल शहर व क्वेबेक प्रांत यांनीही भार उचलला. सप्टेंबर १९३४ मध्ये माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उघडली. ही साले जागतिक महामंदीची होती हे विसरता कामा नये. हाती पैसा नाही म्हणून संशोधन पुढे ढकलावे, हा युक्तिवाद आपल्याकडे अर्थसंकल्पाच्या मोसमात हमखास ऐकू येतो. त्यास हे एक उत्तर आहे.

शस्त्रक्रियेची रीत अशी होती. रुग्ण जागा असे. मेंदूच्या पृष्ठभागावर अत्यंत सौम्य विद्युत्प्रवाहाचे टोक टेकविले जाई आणि काय वाटते ते रुग्ण सांगे. एका जागी अंगठा हाले, दुसऱ्या जागी ओठाला मुंग्या येत, तिसऱ्या जागी बोलता बोलता शब्द अडे. प्रत्येक जागेवर क्रमांकाची चिठ्ठी ठेवली जाई. जेथे स्पर्श होताच झटक्यापूर्वीची ओळखीची चाहूल लागे, तेथे दोषाचे मूळ असण्याचा संभव. जेथे वाणी अडे, तेथे शस्त्र लावावयाचे नाही. यांतून १९३७ साली पेनफील्ड व एडविन बोल्ड्री यांनी १६३ शस्त्रक्रियांच्या आधारे शरीराचा मेंदूवरील नकाशा प्रसिद्ध केला. हात आणि ओठ यांना या नकाशात धडापेक्षा कितीतरी अधिक जागा आहे. पुढे हर्बर्ट जॅस्पर मेंदूतील विद्युत्लहरींचे आलेख घेऊन या कार्यात सामील झाले आणि १९५४ साली दोघांचा अपस्मारावरील मोठा ग्रंथ निघाला.

काही रुग्णांना विजेच्या स्पर्शाने जुने गाणे ऐकू येई, गेलेला प्रसंग डोळ्यांपुढे उभा राही. यावरून अनुभवलेले सर्व काही मेंदूत ध्वनिमुद्रिकेसारखे साठलेले असते, असा पेनफील्ड यांचा ग्रह झाला. पुढच्या संशोधकांनी तो स्वीकारला नाही, आणि त्याचे साधन पेनफील्ड यांच्याच आकड्यांत होते. कानशिलामागील खंडावर ज्यांना हा स्पर्श केला अशा ५२० रुग्णांपैकी केवळ ४० जणांना असे अनुभव आले, हे त्यांनीच १९६३ साली छापले आहे.

खर्चाच्या बाजूची आणखी एक नोंद आहे. एका अभियंत्याच्या डाव्या कानशिलाकडील भाग दुसऱ्या शस्त्रक्रियेत आणखी काढला गेला आणि त्याची नवी स्मृती नाहीशी झाली. बुद्धी शाबूत, जुने आठवे. सकाळचे मात्र दुपारी आठवेना. ब्रेंडा मिल्नर यांनी अशा दोन रुग्णांची बारकाईने परीक्षा केली आणि स्मृतीच्या आधुनिक अभ्यासाचा पाया घातला. दुसऱ्या बाजूचा भागही आधीच निकामी असला पाहिजे, असा पेनफील्ड व मिल्नर यांचा तर्क होता. अभियंत्याच्या मृत्यूनंतर मेंदूची तपासणी झाली, तर्क खरा ठरला आणि तो अहवाल १९७४ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, पेनफील्ड यांनी प्रसिद्ध केला. संचालकपदावरून ते १९६० सालीच निवृत्त झाले होते. हे प्रकरण मिटवून टाकण्याची सोय त्यांना होती.

माँट्रियलचा हा वारसा आपल्याकडेही आला. तेथे शिकलेले डॉ. जेकब चंडी यांनी १९४९ साली वेल्लोर येथे मेंदूशल्यक्रियेचा देशातील पहिला विभाग सुरू केला आणि १९५२ साली अपस्मारावरील शस्त्रक्रियाही केली. मुंबईचे डॉ. राम गिंडे हेही माँट्रियलचेच विद्यार्थी. तथापि बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रियेची गरजच पडत नाही. योग्य औषध नियमित मिळाले तर दहापैकी सातजण झटक्यांवाचून राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे आणि ते अत्यंत स्वस्त आहे. असे असूनही आपल्या ग्रामीण भागात असंख्य रुग्ण औषधावाचून आहेत. त्याचे सर्व कारण दारिद्र्यात शोधणारे माझे व्यवसायबंधू अर्धेच कारण सांगतात. उरलेले कारण लपवाछपवीचे आहे. मुलीचे लग्न ठरते, सासरी गोळ्या कोणाच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून त्या माहेरीच ठेवल्या जातात. औषध एकाएकी बंद केले की झटके अधिक जोराने उसळतात, आणि मग लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात, नव्या घरात, सर्वांदेखत ती मुलगी जमिनीवर कोसळते.