विश्लेषण : अणुपाणबुडीचे जनक हायमन रिकोव्हर पाण्याच्या शुद्धतेबाबत इतके आग्रही का होते?

अणुपाणबुडीच्या भट्टीतून उष्णता बाहेर आणते ते पाणीच. पण हे पाणी जरा बिघडले तरी नळ्या गंजतात आणि किरणोत्सर्ग खलाशांच्या जवळ पोहोचतो. अमेरिकी नौदलाचे ॲडमिरल हायमन रिकोव्हर यांनी हा धोका सुरुवातीलाच ओळखला होता.

रिकोव्हर कोण होते?

१९०० मध्ये आजच्या पोलंडमध्ये एका ज्यू शिंप्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. लहानपणीच कुटुंब अमेरिकेत आले. १९२२ मध्ये ते नौदल अकादमीतून बाहेर पडले, पुढे कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकले. १९४६ मध्ये नौदलाने त्यांना अणुऊर्जेच्या प्रशिक्षणासाठी ओक रिजला पाठवले आणि अणुपाणबुडीचा ध्यास तिथूनच सुरू झाला.

पाणीच का निवडले?

वितळलेले सोडियम की दाबाखालचे पाणी, असे दोन पर्याय होते. रिकोव्हर यांनी दोन्ही आजमावले. पाण्यावर चालणारी ‘नॉटिलस’ जानेवारी १९५५ मध्ये अणुऊर्जेवर समुद्रात निघाली. सोडियमवरील ‘सीवुल्फ’च्या वाफेच्या यंत्रणेत मात्र गळती झाली. पाण्याशी संबंध येताच सोडियम भडकते. अखेर तिची भट्टी काढून पाण्याची भट्टी बसवण्यात आली.

मग पाण्याची अडचण काय?

२०० अंश सेल्सिअसहून जास्त तापलेले पाणी पोलाद हळूहळू खाते. लोह आणि निकेलचे सूक्ष्म कण पाण्यासोबत फिरून इंधनाच्या कांड्यांवर थर धरतात. अभियंते या थराला ‘क्रड’ म्हणतात. त्यामुळे उष्णता बाहेर पडायला अडथळा येतो. व्हॉल्व्हसारख्या भागांच्या झिजेतून आलेले कोबाल्ट भट्टीत न्यूट्रॉन शोषून कोबाल्ट-६० बनते. हे कण सुटून नळ्यांमध्ये साचतात. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे असल्याने भट्टी बंद असतानाही दुरुस्ती करणाऱ्यांना किरणोत्सर्ग सोसावा लागतो.

उपाय कोणते केले?

इंधनावर झिर्कोनियमचे आवरण आले. हा धातू न्यूट्रॉन कमी शोषतो आणि गरम पाण्यात टिकतो. त्याआधी तो मोठ्या प्रमाणावर तयारही होत नव्हता. पाण्यातला ऑक्सिजन हटवण्यासाठी हायड्रोजन विरघळवला जातो, पाणी किंचित अल्कधर्मी ठेवले जाते आणि आयन विनिमयाच्या रेझिनमधून ते सतत गाळले जाते. नमुने तपासून नोंदी ठेवण्यासाठी प्रशिक्षित तंत्रज्ञ नेमले जातात.

खाऱ्या पाण्याची भीती का?

टर्बाइनमधून आलेली वाफ कंडेन्सरमध्ये समुद्राच्या पाण्याने थंड केली जाते. तिथे नळी फुटली तर क्लोराइड आत शिरते आणि स्टेनलेस स्टीलला तडे जाऊ शकतात. जून १९५३ मध्ये आयडाहोतील जमिनीवरच्या नमुना भट्टीची चाचणी सुरू असताना कंडेन्सरची एक नळी निकामी झाली. अभियंत्यांना चाचणी थांबवायची होती. रिकोव्हर यांनी नकार दिला आणि अटलांटिक ओलांडायला लागेल तितका वेळ भट्टी चालवली. १९५८ मध्ये उत्तर ध्रुवाच्या मोहिमेआधी ‘नॉटिलस’च्या कंडेन्सरमध्ये अशीच गळती होती. ती सापडेना, तेव्हा मोटारीच्या रेडिएटरची गळती बुजवणारे द्रव्य सिएटलमधून विकत आणून आत ओतले गेले. गळती थांबली आणि ऑगस्टमध्ये पाणबुडी ध्रुवाखालून गेली.

त्यांचा वारसा काय?

रिकोव्हर अधिकाऱ्यांच्या मुलाखती स्वतः घेत आणि पाणबुड्यांचे कप्तान त्यांना थेट पत्रे लिहीत. चुकीची जबाबदारी एका नावावर हवी, असा त्यांचा आग्रह असे. १९५४ मध्ये ‘नॉटिलस’वर वाफेची एक छोटी नळी फुटली आणि चुकीच्या प्रकारची नळी बसवल्याचे उघड झाले. तेव्हा त्यांनी शंका असलेल्या सर्व नळ्या बदलायला लावल्या. त्यांच्या फटकळपणावर टीका झाली. जहाजबांधणी कंपनीकडून भेटवस्तू घेतल्याबद्दल १९८५ मध्ये नौदलाने त्यांना अधिकृत ठपका दिला. ६३ वर्षांच्या सेवेनंतर ते १९८२ मध्ये निवृत्त झाले होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. आज जगातील बहुतांश वीजनिर्मिती अणुभट्ट्या दाबाखालच्या पाण्यावर चालतात. भारतात कुडनकुलम येथील भट्ट्याही त्याच प्रकारच्या आहेत. तिथेही पाण्याची तपासणी हे रोजचे काम आहे.