एका ढबूची शाई



आजचा श्लोक गीतेच्या चौथ्या अध्यायातला बाविसावा. न मागता जे समोर आलं त्यात जो संतुष्ट असतो, ज्याला कुणाचा हेवा वाटत नाही, काम साधलं काय आणि न साधलं काय, जो सारखाच राहतो, तो कर्म करूनही त्यात अडकत नाही, असा त्याचा भाव. डिसेंबरात हा श्लोक जरा जड जातो. अर्धं लक्ष उरलेल्या रजांच्या हिशोबात आणि उरलेलं दुसऱ्यांच्या ट्रिपच्या फोटोंमध्ये. म्हणून आज शब्दार्थ बाजूला ठेवून, गीतेतच आयुष्य घालवलेल्या एका माणसाबद्दल लिहितो. आपल्या अंबाजोगाईचे दासोपंत.

जन्म १५५१चा, नारायणपेठेतला. वडील दिगंबरपंत देशपांडे, म्हणजे बीदरच्या राज्यातले वसुलीचे अधिकारी. घरात कशाची कमी नव्हती. मग दुष्काळ पडला. लोक अन्नावाचून मरताना बघवेना, तेव्हा दिगंबरपंतांनी सरकारी कोठारं उघडून धान्य वाटून टाकलं. (मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आठवण झाली ना? कथा तशीच आहे, पण इथे किंमत मुलाने मोजली.) बादशहाने भरपाई मागितली आणि ती येईपर्यंत पोरसवदा दासोपंतांना ओलीस ठेवून घेतलं. मुदत एक महिन्याची. रक्कम आली नाही तर मुलाचं धर्मांतर.

परंपरेतली ही कथा वाचताना मी दर वेळी त्या महिन्यापाशी थांबतो. आई-वडील लांब, पैशाची सोय होण्याची चिन्हं नाहीत आणि मुलगा एकेक दिवस मोजतोय. त्याच्याकडे दत्ताच्या नामाशिवाय काही उरलं नव्हतं. शेवटच्या दिवशी दत्ताजी पाडेवार नावाचा कुणी माणूस दरबारात आला, दिगंबरपंतांचा सेवक म्हणून सगळी रक्कम मोजून दिली, आणि गेला. घरी आल्यावर कळलं, या नावाचा सेवक आपल्याकडे कधी नव्हताच.

आता विचार करा. कुणी आपलं आयुष्य सोडवून आणलं आणि त्याचा पत्ताच नाही. आभार मानायला माणूस समोर नाही, पैसे परत करायचे तर कुणाला करायचे? आपण सहसा ‘थँक्यू’ टाइप करतो आणि हिशोब मिटला असं धरतो. दासोपंतांना तशी सोयच नव्हती. तो पाडेवार म्हणजे साक्षात दत्त, ही त्यांची खात्री झाली आणि ते घर सोडून माहूरला गेले. तिथे बारा वर्षं राहिले. त्या बारा वर्षांत घरी पत्नीचं काय झालं असेल, हा प्रश्न मला टाळता येत नाही. कथांमध्ये त्यांच्या वाट्याला फार थोड्या ओळी येतात. पुढे घरचे आणि ते पुन्हा एकत्र आले, आणि अंबाजोगाईत त्यांनी संसारात राहूनच लेखन केलं, एवढं समाधान.

आणि लेखन तरी किती! गीतेवरचा त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा मानतात. ज्ञानेश्वरी साधारण नऊ हजारांची, त्यावरून अंदाज घ्या. शिवाय गीतेवरच आणखी लेखन, असंख्य पदं, संस्कृत ग्रंथ वेगळेच. सांगतात की त्यांना रोज एका ढबूची शाई लागायची. ढबू म्हणजे तांब्याचं जुनं जाडजूड नाणं.

मला हे ढबूचं माप फार आवडतं, सव्वा लाखापेक्षाही. मी सहज भागाकार करून पाहिला: गीतार्णव तीस वर्षांत झाला असं धरलं, तर रोजच्या अकरा-बारा ओव्या होतात. बस्स. सव्वा लाख हा आकडा आपण नंतर मोजलेला. त्यांच्यासमोर सकाळी असायची ती त्या दिवसाची शाई, तेवढी संपवायची. ज्या मुलाने एकदा महिनाभर उरलेले दिवस मोजले होते, तो मोठा झाल्यावर हातात आलेला एकच दिवस पूर्ण वापरायचा. त्या न सापडलेल्या माणसाचे आभार ते असेच मानत असावेत, असं मला वाटतं.

कागदावरच लिहायला हवं असाही हट्ट नव्हता. ‘पंचीकरण’ त्यांनी पासोडीवर लिहिलं. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाड कापड. ही सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद आहे, त्यावर सोळाशेच्या आसपास ओव्या. पंचमहाभूतांपासून हे शरीर कसं घडलं, असा गहन विषय, आणि लिहिलाय कुठे तर पांघरायच्या कापडावर! जे समोर आलं त्यात संतुष्ट, हा आजचा श्लोक मला त्या पासोडीत दिसतो. ती आजही अंबाजोगाईतच आहे.

१६१५ साली ते गेले. समाधी अंबाजोगाईतच, नृसिंहतीर्थावर. मार्गशीर्षात योगेश्वरीचा उत्सव पौर्णिमेपर्यंत चालतो आणि पौर्णिमेला दत्तजयंती. त्या दिवसांत गावी येणार असाल तर देवीचं दर्शन झाल्यावर मुकुंदराजांच्या समाधीला जा आणि दासोपंतांकडेही जाऊन या. तिथे बहुतेक वेळा गर्दी नसते. फोन खिशात ठेवून थोडा वेळ नुसतं बसता येतं.

उद्या तेविसावा श्लोक.