सीहोरचे विद्यार्थी बापूदेव शास्त्री

गोविंदपुऱ्यातल्या आपल्या कित्येक घरांतली मुले आज अमेरिकेत आहेत. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोचे विमान सरळ पूर्वेला न जाता उत्तरेकडे का वळते, असा प्रश्न आजी-आजोबांना पडतो. नकाशा सपाट, पृथ्वी मात्र गोल! दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन गोलीय त्रिकोणमितीने हिशेब केला, तर मधले अंतर 111 अंशांहून किंचित जास्त येते. दर अंशाला सुमारे 111 किलोमीटर धरले की झाले साधारण 12,400 किलोमीटर. हेच गणित आपल्या शेजारच्या सीहोरला शिकून पुढे काशीत नाव काढणाऱ्या एका मराठी पंडिताची ही ओळख.

बापूदेव शास्त्री यांचा जन्म 1821चा. मूळ नाव नृसिंह. नागपूरला शिकत असताना त्यांनी भास्कराचार्यांची लीलावती आणि बीजगणित आत्मसात केले. भोपाळचे पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन यांनी ही हुशारी हेरली आणि त्यांना सीहोरच्या संस्कृत पाठशाळेत आणले. येथे ते सिद्धान्तशिरोमणी शिकले.

त्या काळी पृथ्वी सपाट आहे की गोल, यावर पंडितांत वाद होता. पुराणे एक सांगत, सिद्धान्तग्रंथ दुसरे. इंग्रजी पुस्तक दाखवून कोणाचे मन वळले नसते. पण भास्कराचार्यांनी 1150 सालीच गोलाध्यायात पृथ्वी गोल मानून तिचा परीघ काढण्याची रीत दिली होती. एकाच उत्तर-दक्षिण रेषेवरची दोन गावे घ्यावीत, त्यांच्या अक्षांशांतला फरक आणि मधली योजने मोजावीत, मग साधे त्रैराशिक. ती मुख्य रेषाही आपल्या उज्जैनीवरून जाते. आपल्याच ग्रंथाच्या आधारे नवे ज्ञान पटवावे, हा विल्किन्सन यांचा मार्ग होता.

1841 साली विल्किन्सन वारले. बापूदेव काशीच्या संस्कृत कॉलेजात अध्यापक झाले. गुरूतुल्य माणसाचे काम मात्र त्यांनी टाकले नाही. विल्किन्सन यांनी केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी तपासून घेतले आणि 1861 साली ते त्यांच्या सूर्यसिद्धान्ताच्या भाषांतराबरोबर कलकत्त्याहून प्रसिद्ध झाले. पाश्चात्त्य त्रिकोणमिती त्यांनी संस्कृतात आणली, हिंदीत बीजगणित लिहिले. नॉटिकल अल्मनॅकच्या आधारे पंचांगही काढले. जुन्या गणिताने येणारे ग्रहस्थान आकाशाशी जुळत नसेल, तर गणित सुधारले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. परंपरेचा अभिमान आणि चूक दुरुस्त करण्याची तयारी, दोन्ही एकाच माणसात नांदत होती.

1878 साली त्यांना सी.आय.ई. आणि 1887 साली महामहोपाध्याय ही पदवी मिळाली. 1890 साली ते निवर्तले.

सीहोरच्या चिंतामण गणेशाच्या दर्शनाला आपण सारे जातो. पुढच्या वेळी नातवंडे बरोबर असतील, तेव्हा याच गावात शिकलेल्या या विद्यार्थ्याची गोष्ट त्यांना जरूर सांगा.