परत काही न मागणारं दान : जामसाहेब दिग्विजयसिंहजी



आजचा श्लोक गीतेच्या १७व्या अध्यायातला २०वा. जो आपल्याला काहीच परत देऊ शकत नाही त्याला, योग्य जागी, योग्य वेळी, कर्तव्य म्हणून दिलेलं दान सात्त्विक, असा त्याचा आशय. वाचायला सोपं, करायला अवघड. म्हणून आज एका माणसाचं आयुष्य बघूया.

दिग्विजयसिंहजी जाडेजा यांचा जन्म १८९५ चा. क्रिकेटमधले प्रसिद्ध रणजी हे त्यांचे काका. त्यांच्यामागून १९३३ मध्ये ते नवानगरचे, म्हणजे आजच्या जामनगरचे जामसाहेब झाले.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने पोलंडमधली हजारो कुटुंबं सैबेरियाकडे नेऊन टाकली. १९४१ मध्ये सुटका झाली, पण तोवर भूक, थंडी आणि आजारपणात कितीतरी मुलांचे आईबाप गेले होते. अशा शेकडो मुलांना १९४२ मध्ये जामसाहेबांनी आपल्या संस्थानात घेतलं. बालाचडीला समुद्रकिनारी त्यांची छावणी आणि शाळा उभी राहिली. मुलांचा धर्म, भाषा, सण त्यांचेच राहिले. जेवणातला पालक मुलांना नकोसा झाला, तेव्हा तो बंद करायलाही जामसाहेबांनीच सांगितलं! १९४६ मध्ये छावणी बंद झाल्यावर बरीच मुलं आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडेला गेली. तिथे १९४३ ते १९४८ सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते.

त्याच काळात नाझींच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये ज्यूंना लपवलं तर अख्ख्या घराला मृत्युदंड होता. तरी काही साध्या शेतकऱ्यांनी, कामगारांनी माळ्यावर, तळघरात ज्यू कुटुंबं लपवली. जामसाहेबांच्या जिवाला असा धोका नव्हता, त्यांच्याकडे राज्य होतं. या लोकांकडे एखादी खोली होती आणि स्वतःचा जीव. पण दोघांच्याही दारात उभा असलेला माणूस काहीच परत देऊ शकत नव्हता.

जामसाहेब १९६६ मध्ये गेले. वॉर्सामध्ये त्यांच्या नावाचा चौक झाला तो त्यानंतर कित्येक दशकांनी. म्हणजे त्यांनी तो पाहिलाच नाही. दिलेलं मात्र पोहोचलं होतं.

आपण खांदेश्वराला शंकराच्या देवळात जातो, तेव्हा काहीतरी मागतोच. त्यात वाईट काही नाही. पण बाहेर पडल्यावर आपल्या सोसायटीत नवीन आलेलं, कोणाचीच ओळख नसलेलं एखादं कुटुंब आपल्याला दिसतं का?

आजची साधना : ज्याच्याकडून काहीच परत येणार नाही अशा एकासाठी काहीतरी करा. आणि हो, स्टेटसला टाकू नका.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥